रिकामा आलेला छकडा

१९५८च्या हिवाळ्यात चांदा जिल्ह्यातल्या चोवीस धुरकऱ्यांची नावे एका वहीत लिहिली गेली. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकताना त्यांतल्या बारा जणांनी डोक्याला कापूस भरलेली टोपी बांधायची होती, बारा जणांनी नाही. कोणी बांधायची आणि कोणी नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. तांब्यात हात घालून त्या धुरकऱ्यांनीच उचलल्या.

धान कापून झाले, खळी उरकली, की या मुलखात पट भरतात. अजूनही भरतात. पौष निम्मा सरला की सकाळी गावाबाहेरून कुदळींचा आवाज येऊ लागतो. धानाचे बुडखे उपटतात, बांध्यांमधले बांध फोडतात, माती चोपून दोन समांतर पट्टे तयार करतात. या धावपट्टीला इकडे दान म्हणतात. दानीच्या दोन्ही अंगांना लाखोळी फुललेली असते, निळसर, गुडघ्याच्याही खाली. दवाने भिजलेली लाखोळी आणि नुकतीच चोपलेली माती यांचा मिळून एक वास असतो. तो वर्षातून दोन-तीन आठवडेच येतो. तो आला की त्या हिवाळ्यातली वही आठवते, वहीच्या कडेला लागलेला शाईचा डाग आठवतो, आणि एका माणसाने पाण्याच्या लोट्यासाठी पुढे केलेला हात आठवतो.

दानीवर एका वेळी दोन जोड्या सुटतात. प्रत्येक जोडीमागे एक हलका छकडा असतो. दोन चाके, एक दांडी, वर एक फळी. फळीवर एक माणूस. तो धुरकरी. त्याच्या एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातात पराणी. धरायला तिसरे काही नाही. जोडी पलीकडची रेघ ओलांडते तेव्हा लोक बैलांचे नाव घेतात, मग मालकाचे.

मी तेव्हा चांद्याच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. गडचिरोली त्या वेळी वेगळा जिल्हा नव्हता. सिरोंच्यापर्यंतचा सगळा मुलूख चांद्यातच होता आणि त्यातला बराचसा सायकलवर माझ्या वाट्याला आलेला होता. पटाची बातमी चार ओळींची असे. पहिली जोडी कोणाची, दुसरी कोणाची, गर्दी किती, रात्रीचे नाटक कोणते. धुरकऱ्याचे नाव त्यात नसे. अशा बातम्या मी तीन हिवाळे लिहिल्या आणि त्यांत काही राहून जाते आहे, असे मला कधी वाटले नाही.

डॉक्टर सप्रे यांना वाटले. ते पुण्याकडचे, जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया करणारे. बोलणे कमी. दोन हिवाळे त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. पौष-माघात खांद्याची हाडे मोडलेली, डोकी फुटलेली धडधाकट माणसे खाटेवर घालून आणली जात, आणि कसे झाले असे विचारले की सगळी एकच उत्तर देत: झाडावरून पडलो. याच दोन महिन्यांत या जिल्ह्यातले लोक झाडावर का चढतात, असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना पट दाखवायला नेले. पहिल्या दिवशी दानीच्या कडेला ते उन्हात उभे राहिले. परतताना म्हणाले, "डोके वाचवता आले तर बाकीचे जोडता येते."

त्यातून तो अभ्यास निघाला. धुरकऱ्यांची नावे घ्यायची, प्रत्येकाला तपासायचे, आधीची दुखापत लिहायची. मग अर्ध्यांना टोपी द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि हंगामाअखेर मोजायचे. त्यासाठी त्यांनी रजा काढली. पल्टनीतून लिलावात निघालेली एक जीप त्यांच्याकडे होती. त्यांना इकडची बोली कळत नसे आणि इकडच्यांना त्यांची, म्हणून संपादकांनी मला त्यांच्याबरोबर जाऊ दिले. पटाच्या बातम्या आयत्या मिळतील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

टोप्या वडशाच्या रहीमभाईंनी शिवल्या. ते पिंजारी, गाद्या, रजया आणि बैलांच्या खोगिरासारख्या झुली करीत. रेल्वे फाटकाजवळ त्यांचे दुकान होते. दुकानात नेहमी कापसाचे तंतू तरंगत असत आणि बोलता बोलता ते ओठांवर बसत. डॉक्टरांनी कागदावर काढून दिलेली टोपी कान झाकणारी होती. रहीमभाईंनी ती शिवायला नकार दिला. बाजूची जोडी किती जवळ आली हे धुरकरी कानाने ओळखतो, असे त्यांनी सांगितले. कान झाकले तर तो वळून पाहील आणि वळला की पडेल. डॉक्टरांनी कागद परत घेतला, कानांच्या जागी दोन गोल काढले आणि पुन्हा पुढे सरकवला. टोपी झाली ती अशी: दोन थर कापूस, वरून चामड्याच्या पट्ट्या, हनुवटीखाली बंद, कान उघडे. दिसायला ती चांगली नव्हती.

माणसे मिळवणे हे टोपी शिवण्यापेक्षा अवघड ठरले. पहिले गाव सावलीपासून दोन कोसांवर होते. आदल्या आठवड्यात तिथे निरोप गेला होता की पटातल्या खेळाडूंची डॉक्टरी तपासणी आहे, सर्वांनी शाळेपाशी हजर राहावे. आम्ही पोचलो तेव्हा धुके उतरायचे होते. शाळेच्या पटांगणात अकरा जोड्या ओळीने उभ्या होत्या. अंगे धुतलेली, शिंगे रंगवलेली, पाठीवर झुली. डॉक्टर जीपमधून उतरले, ओळ पाहिली आणि खेळाडू कुठे आहेत असे विचारले.

पुढे आले ते दादाजी. गावचे मोठे शेतकरी, पटाच्या मंडळाचे प्रमुख. त्यांची जोडी त्या पट्ट्यात तीन वर्षे हरली नव्हती. त्यांनी बैलांकडे हात केला.

"हे काय उभे आहेत ना जी. हा सरज्या, हा पाखऱ्या. पाहा, दात पाहा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सरज्याच्या मानेवर हात ठेवला, त्याचे खूर पाहिले, आणि मग दावे धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बोट करून हा कोण असे विचारले. दादाजींना प्रश्न समजायला क्षणभर वेळ लागला. मग ते म्हणाले, "हा? हा मुखरू. धुरकरी होय."

मुखरू तेव्हा तिशीचा असेल. सडपातळ, मान जरा डावीकडे कललेली. तो दादाजींच्या गोठ्यालगत राहत असे आणि ती जोडी त्याने वासरे होती तेव्हापासून वाढवली होती. डॉक्टरांनी त्याला नमस्कार केला. त्याने आधी मागे वळून पाहिले, मागे कोणी उभे आहे का.

मालकांना भीती वेगळीच होती. सरकारला पट बंद करायचा आहे आणि ही वही त्याची सुरुवात आहे, असे त्या परिसरात बोलले जात होते. डॉक्टर प्रत्येक गावी सांगत, मी त्याचा तर्जुमा करी: हे काम सरकारी नाही, धुरकरी जे सांगेल ते वहीत राहील, मालकाला, पंचांना, पाटलाला, कोणालाही सांगितले जाणार नाही. हे वाक्य मी त्या तीन आठवड्यांत इतक्या वेळा म्हटले की ते मला पाठ झाले. शब्द डॉक्टरांचा होता, पण लोकांनी तो माझ्या तोंडून ऐकला होता.

तरीही वहीचे रकाने कोरेच राहत होते. किती वेळा पडलात, असे विचारले की प्रत्येक जण पडलो नाही म्हणे. ज्याच्या कपाळावर तीन बोटे रुंद वण होता, तोही म्हणाला. धुरकरी पडला असे इकडे कोणी म्हणतच नाही. जोडी निसटली म्हणतात, चाक बसले म्हणतात. दुसऱ्या गावी मी प्रश्न बदलून पाहिला. छकडा कितीदा रिकामा आला, असे विचारले. समोरचा माणूस बोटे मोजू लागला. "गेल्या साली दोनदा, त्याच्या आंधी एकदा," तो म्हणाला, "पन जोडी जितलीच जी, छकडा रिकामा आला तरी." त्या भागात तेव्हा नियम तसाच होता. जोडीने रेघ ओलांडली की झाले. धुरकरी फळीवर असो की मागे मातीत.

त्या एका प्रश्नानंतर वही भरत गेली. दुपारच्या उन्हात शाळेच्या ओसरीवर बसून आम्ही लिहीत असू. आत बाराखडी चालू असे आणि बाहेर खांदे, बरगड्या, गुडघे. काही जण सदरा काढून दाखवत. एकाने सांगितले की डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून तो नेहमी डावी दान मागून घेतो. मग बाजूची जोडी उजव्या कानाला येते. डॉक्टरांनी ते सगळे वहीत उतरवून घ्यायला सांगितले.

मुखरूची पाळी आली तेव्हा त्याने एकदाच छकडा रिकामा आल्याचे सांगितले, गेल्या माघातल्या पटात. संध्याकाळपर्यंत काही आठवत नव्हते, मग ठीक झाले. डॉक्टरांनी स्वतःचे बोट हवेत धरले आणि त्याला आपल्या बोटाने शिवायला सांगितले. मुखरूचे बोट दोन अंगुळे बाजूला गेले. पुन्हा सांगितले. पुन्हा बाजूला गेले. तिसऱ्या वेळी त्याने एक डोळा मिटला आणि बरोबर शिवले.

त्या दिवशी जेवण त्याच्याच घरी होते. त्याची बायको जनाबाई लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती. मुखरू हात धुवायला बाहेर गेला तसे ती हळू आवाजात मला म्हणाली, "मी पान्याचा लोटा देतो तं यायचा हात बाजूले जाते, भाऊ. डाक्टरसायेबाले सांगू नका. दादाजीले माहीत झालं तं जोडी दुसऱ्याच्या हाती जाईल." मी तिला सांगितले की डॉक्टरांना कळलेले आहे आणि ते कोणाला सांगणार नाहीत. तिने तेलातला वडा उलटा केला.

डॉक्टरांनी मुखरूला गोठ्यामागे नेऊन समजावले. मीही होतो. आणखी एकदा डोके आपटले तर जीव जाऊ शकतो, या वर्षी फळीवर बसू नकोस, असे त्यांनी सांगितले आणि मी ते जसेच्या तसे त्याच्या बोलीत सांगितले. मुखरू ऐकत होता. सरज्या त्याच्या खांद्याला मान घाशीत होता.

"मंग हाकील कोन? हे माह्याच हातचे होय. दुसऱ्याच्या हाती हे पयतीन, पन त्यायचे पाय जातीन."

"तुझं डोकं जाईल," डॉक्टर म्हणाले.

"मले दोन दोन दिसते इतलंच. मी एक डोरा मिटतो नं हाकतो. काऊन, येते ना हाकता?"

डॉक्टरांपुढे तीन वाटा होत्या आणि तिन्ही वाईट होत्या. दादाजींना सांगावे, तर चोवीस जणांना दिलेला शब्द मोडतो आणि वही तिथेच संपते. मुखरूला अभ्यासातून वगळावे, तर का वगळले हे दादाजी विचारणारच. वहीत ठेवावे, तर तो धावणार. त्यांनी त्याला वहीत ठेवले. निदान टोपी मिळण्याची निम्मी शक्यता आहे, असे ते म्हणाले.

चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवशी चोवीसही धुरकरी शाळेच्या पटांगणात आले होते. काही जण रात्रीच चालत निघाले होते. तांब्या ओटीवर ठेवला. इकडे चिठ्ठी म्हणजे कौल. एकदा उचलली की ती बदलत नाहीत आणि तिच्यावर बोलतही नाहीत. ज्यांना टोपी आली त्यांची थट्टा झाली. एकाला म्हणाले की आता तुझी बायको तुला बाळंतीण समजेल. मुखरूने अकराव्या पाळीला हात घातला, चिठ्ठी उघडली आणि एक डोळा मिटून पाहिली. त्याला वाचता येत नव्हते. त्याने ती माझ्याकडे दिली. कोरी होती, म्हणजे टोपी नाही. मी तसे मोठ्याने सांगितले, कारण सर्वांच्या चिठ्ठ्या मोठ्याने सांगत होतो.

डॉक्टर आणि मी त्या संध्याकाळी गडचिरोलीच्या डाकबंगल्याकडे निघाले. हिवाळ्यात वैनगंगेच्या पात्रात वाळूवर तट्टे टाकून वाट करीत. जीप त्यावरून हळू जात होती, तट्टे करकरत होते. ही एक चिठ्ठी बदलता येणार नाही का, असे मी विचारले. ते म्हणाले, "एक बदलली की चोवीसही बदलतात."

अभ्यास म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळत नव्हते. एका माणसाकडे पाहायचे नाही, सर्वांकडे मिळून पाहायचे, असे काहीसे ते होते. बातमीदारीतही थोडेफार तसेच शिकवतात. पण बातमीदार घटना घडून गेल्यावर पोचतो. इथे आम्ही आधी पोचलो होतो आणि काय घडू शकते ते वहीत लिहिलेले होते.

पटाच्या दिवशी सकाळी त्या गावात चहूकडून बैलगाड्या येत होत्या. जावई आले होते, लेकी आल्या होत्या, घरोघरी पाहुणे. नाटकाच्या मांडवाचे बांबू उभे राहत होते. दानीच्या दोन्ही कडांना माणसे इतकी दाटली होती की लाखोळी पार तुडवली गेली आणि तिचा हिरवा वास सगळीकडे भरून राहिला. रहीमभाई वडशाहून सकाळच्या गाडीने आणि पुढे बैलगाडीने आले होते. आपल्या टोप्या धावताना पाहायच्या, एवढ्यासाठीच.

पहिल्याच फेरीला अडचण आली. उजव्या दानीवरच्या धुरकऱ्याच्या डोक्याला टोपी होती, डावीवरच्याच्या नव्हती. पंचांनी हात वर करून दोघांना थांबवले. पटात दोन्ही बाजू सारख्या लागतात, हे ज्येष्ठ पंचांनी डॉक्टरांना शांतपणे समजावले. छकड्यांचे वजन सारखे, जू सारखे. एकाच्या डोक्यावर असेल ते दुसऱ्याच्याही असावे. नाही तर कोणाच्याच नसावे. डॉक्टरांनी याचा विचार केला नव्हता. मीही केला नव्हता, आणि मी तर त्या दानीच्या कडेला तीन हिवाळे उभा होतो. उजवीकडच्या धुरकऱ्याने बंद सोडला आणि टोपी कमरेला खोचली. जोड्या सुटल्या.

त्यानंतर सहा फेऱ्या झाल्या. जिथे एकाला टोपी होती आणि दुसऱ्याला नव्हती, तिथे टोपी निघत गेली. मग ज्या फेरीत दोघांनाही टोपी आली होती, त्यांनीही ती बांधली नाही. तोवर ती न बांधणे हीच रीत झाली होती. डॉक्टर वहीकडे पाहत नव्हते. सहाव्या फेरीत एकाचा छकडा रिकामा आला. तो माणूस मातीतून उठला, कपडे झटकले आणि चालत गेला. डॉक्टरांनी त्याला जाताना मान वळवून पाहिले.

पुकारा झाला तो दादाजींच्या जोडीचा. सरज्या-पाखऱ्या डाव्या दानीवर आले. मुखरू फळीवर एक पाय टेकून उभा होता. बाजूच्या जोडीचा धुरकरी सिंदेवाहीकडचा होता, त्याला चिठ्ठीत टोपी आली होती आणि ती त्याच्याही कमरेलाच होती. जनाबाई दानीच्या मध्यावर, बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता.

रहीमभाई डॉक्टरांजवळ आले. ते रागावलेले होते, पण आवाज चढवला नाही. एका वेळी दोनच जोड्या धावतात, मग दोन टोप्या पुरतात, असे ते म्हणाले. ज्यांची पाळी त्यांनी बांधायच्या आणि पुढच्यांना द्यायच्या. पंचांचीही हरकत राहणार नाही.

डॉक्टर म्हणाले, "मग माझ्या अभ्यासात काहीच उरत नाही, रहीमभाई. कोणाला टोपी होती आणि कोणाला नव्हती, हाच तर अभ्यास आहे."

"किताब में क्या लिखना, वो आप जानो, साब. टोपी तो मैंने सर के वास्ते सिली है."

दानीच्या टोकाला झेंडीवाला तयार उभा होता. डॉक्टरांनी मुखरूकडे पाहिले. मुखरूने एक डोळा मिटलेला होता. मग ते पंचांकडे चालत गेले आणि मला बरोबर बोलावले. जे सांगायचे ते मी सांगितले: यापुढे प्रत्येक फेरीत दोघांनीही टोपी बांधायची, डॉक्टरांची तशी विनंती आहे. पंचांनी एकमेकांकडे पाहिले. ज्येष्ठ पंच म्हणाले की दोघांना सारखे असेल तर त्यांना काय. दादाजींनी उशीर होतो आहे म्हणून कुरकुर केली. सिंदेवाहीकडच्या धुरकऱ्याने कमरेची टोपी काढून बांधली. दुसरी टोपी मी पिशवीतून काढून मुखरूकडे नेली. तो घेईना. "मले कोरी निंगाली होती," तो म्हणाला. पंचांचा हुकूम आहे, चिठ्ठीचा नाही, असे मी त्याला सांगितले. तेव्हा त्याने ती बांधली. बंद रहीमभाईंनी स्वतः ओढून पाहिला.

झेंडी पडली. पट पाहणाऱ्याला माहीत असते की जोड्या सुटतात तेव्हा एकदम शांतता होते आणि मग आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत जातो. निम्म्या दानीपर्यंत सरज्या-पाखऱ्या एक मुंडके पुढे होते. तिथून ते डावीकडे ओढू लागले. मुखरूने उजवा कासरा खेचला; तो उशिरा खेचला. डावे चाक न फोडलेल्या बांधाच्या कडेवर चढले. छकडा उचलला गेला, पुन्हा आपटला, आणि पुढच्या क्षणी फळीवर कोणी नव्हते. जोडीने रेघ ओलांडली. छकडा रिकामा आला. टोकाला लोकांनी सरज्या-पाखऱ्याचे नाव घेतले, मग दादाजींचे.

मुखरू बांधाच्या पायथ्याशी पडला होता. डॉक्टर पळत गेले. त्यांना पळताना मी त्याच दिवशी पाहिले. टोपीच्या उजव्या बाजूची चामड्याची पट्टी फाटली होती आणि कापूस बाहेर आला होता. त्यांनी कोणालाही त्याला उचलू दिले नाही. मानेखाली हात घातला, पापण्या उघडून पाहिल्या. थोड्या वेळाने मुखरूने डोळे स्वतः उघडले.

डॉक्टरांनी त्याला नाव विचारले. त्याने सांगितले. गाव विचारले. सांगितले. महिना कोणता, हे विचारले. तो थांबला. जनाबाई लोकांमधून वाट काढत आली होती आणि त्याच्या पायांशी बसली होती. तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "पूस." पौषच चालू होता.

दादाजी तोवर पोचले होते. याला काय झाले आहे ते सांगा, असे त्यांनी डॉक्टरांना विचारले; जोडी अशी डावीकडे कधी गेली नव्हती, आणि यापूर्वी काही होते का तेही सांगा. भोवती पन्नासेक माणसे असतील. डॉक्टर म्हणाले, "मी सांगू शकत नाही." दादाजींनी माझ्याकडे पाहिले. ते पुन्हा डॉक्टरांकडे वळले आणि माझे बैल, माझा माणूस, मग मला का सांगत नाही, असे म्हणाले.

बोलला तो मुखरू, पडल्या पडल्याच.

"मले दोन दोन दिसते, दादाजी. मागच्या सालापासून. त्यायले बोलू नका, त्यायनं नाई म्हटलं होतं. मीच बसलो."

दादाजींनी खांद्यावरचे उपरणे काढून खाली अंथरले आणि दोघांना हाक मारून मुखरूला त्यावर घ्यायला सांगितले. जोडी टोकाला तशीच उभी होती. कोणीतरी तिला सोडायला गेले. पुढची फेरी पुकारली गेली.

डॉक्टर त्याला जीपमध्ये आडवे घालून चांद्याला घेऊन गेले. जनाबाई मागे बसली होती. मी गावातच राहिलो, कारण पट संध्याकाळपर्यंत चालणार होता आणि बातमी द्यायची होती. उरलेल्या सर्व फेऱ्या टोपी बांधून झाल्या. दोन टोप्या हातोहात फिरत राहिल्या. संध्याकाळी रहीमभाईंनी त्या मोजून पिशवीत भरल्या आणि फाटलेली वेगळी गुंडाळून घेतली.

त्या आठवड्यात आमच्या साप्ताहिकात चार ओळींची बातमी आली. मी पाच लिहिल्या होत्या. पाचवीत धुरकऱ्याचे नाव होते. जागेअभावी ती कापली गेली.

अभ्यास पुरा झाला नाही. डॉक्टर सप्रे दोन वर्षांनी बदलून गेले. टोपीमुळे तो वाचला, असे त्यांनी माझ्यापाशी कधी म्हटले नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असे ते म्हणत. वडशाला रहीमभाईंच्या दुकानात मात्र पुढचे चार-पाच हिवाळे टोप्या टांगलेल्या असत आणि त्या खपत. कोणी घातल्या, किती जण पडले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

मुखरू त्यानंतर एकोणीस वर्षे जगला. दादाजींच्या गोठ्यालगतच राहिला, बैलांना पाणी दाखवणे आणि चारा घालणे शेवटपर्यंत त्याच्याकडे होते. पटाच्या फळीवर तो पुन्हा चढला नाही. हे जनाबाईंनी सांगितले आणि दादाजींच्या मुलाने त्याला दुजोरा दिला.